वाचकांचे प्रश्न : ट्रेनिंग झालं, तरी प्राध्यापक अडलेतच

प्रश्न : आमच्या कॉलेजमधे पुढच्या सत्रापासून काही विषय पूर्ण ऑनलाइन जाणारेत आणि समन्वयाचं काम माझ्याकडे आलंय. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, मूडलवर (कोर्स ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर) फाइल कशी चढवायची, क्विझ कशी लावायची, मीटिंगची लिंक कशी पाठवायची, सगळं दाखवलं. तरी बहुतेक जण तासभर लाइव्ह लेक्चरच घेणार म्हणतायत. आणि जे सगळ्यात सिनियर, ज्यांच्या तासाला मुलं खरंच आवडीने बसतात, ते तर विषय निघाला की गप्पच होतात. काय करू?
— एक समन्वयक

उत्तर : सगळ्यात आधी त्या गप्प बसणाऱ्या सरांबद्दल बोलूया, कारण मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. वर्गात ते मुलांचे चेहरे बघून शिकवतात, दुसऱ्या बाकावर कोणाच्या कपाळावर आठी पडली की तिथेच थांबून उदाहरण बदलतात, आणि हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की आपण असं काही करतो हे त्यांनाही वेगळं जाणवत नसेल. ऑनलाइन गेलं की हे सगळं एका झटक्यात जातं, समोर नावं लिहिलेले काळे चौकोन. त्यांना बटणं जमत नाहीत असं समजू नका, बटणं आठवडाभरात येतात. वर्षानुवर्षं कमावलेलं कसब हातातून निसटतंय असं त्यांना वाटतंय, आणि त्यावर तुमच्या त्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधे एक शब्दही नव्हता.

दुसरं म्हणजे २०२० चा अनुभव. तेव्हा जगभर सगळ्यांनीच रातोरात कॅमेऱ्यासमोर बसून शिकवलं आणि बऱ्याच प्राध्यापकांच्या डोक्यात ऑनलाइन शिकवणं म्हणजे तेच, असं पक्कं बसलंय. शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मार्चमधे एका लेखात हा फरक फार स्पष्ट मांडला होता, की संकटात केलेली तात्पुरती सोय वेगळी आणि आधीपासून आखून केलेला ऑनलाइन कोर्स वेगळा. तुमच्या पहिल्याच बैठकीत हे मोकळेपणाने सांगा, तेव्हा जे झालं ते तुमचं अपयश नव्हतं, तेव्हा तयारीला वेळच नव्हता. एवढं ऐकूनसुद्धा बरेच लोक सैल होतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळ्यांना एका हॉलमधे बसवून स्क्रीन दाखवणं बंद करा आणि एकेका प्राध्यापकाबरोबर त्यांच्याच विषयाचं एक युनिट घेऊन बसा, फक्त एक. टूल कुठलं हवं हे विचारूच नका. विचारा, "सर, या युनिटमधे मुलं दरवर्षी नेमकी कुठे अडकतात?" हा प्रश्न विचारला की गप्प माणूससुद्धा बोलायला लागतो कारण हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. समजा संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या की मुलं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, सूत्राने बरोबर काढतात पण त्याचा अर्थ विचारला की ब्लँक. मग तिथूनच आखायला घ्या. सूत्र लावून सोडवलेलं एक गणित छोट्या व्हिडिओत जाईल, मुलं ते थांबवत, मागे घेत आपापल्या वेळेत बघतील. क्विझमधे आकड्यांचे दोन संच द्या, ४८, ५०, ५२ आणि २०, ५०, ८०, दोन्हीची सरासरी ५०च, आणि काहीही न मोजता विचारा की कुठल्याचं विचलन जास्त आणि का. लाइव्ह तासाला मॅडम फक्त त्या 'का'वर बोलतील, कारण कोण कुठे चुकलं ते क्विझमधे त्यांना आधीच दिसलेलं असेल. चेहऱ्यावरची आठी जी दिसायची बंद झाली होती ती अशी दुसऱ्या वाटेने परत दिसायला लागते, आणि हे एकदा स्वतःच्या विषयात बघितलं की तासभराच्या लेक्चरचा आग्रह आपोआप कमी होतो, वेगळं पटवावं लागत नाही.

व्हिडिओ किती मोठा हा प्रश्न येणारच. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मधे एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा अभ्यास केला होता, व्हिडिओ बघण्याची जवळपास ६९ लाख सत्रं तपासली, त्यात सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ सगळ्यात जास्त लक्ष देऊन बघितले गेले. पण हा नियम म्हणून प्राध्यापकांच्या डोक्यावर मारू नका, ते सगळ्यांसाठी खुले असलेले कोर्सेस होते, तुमच्याकडची मुलं परीक्षा देणारी आहेत. एका व्हिडिओत एक मुद्दा एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि प्लीज, रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येकाला स्वतःचा कोर्स विद्यार्थ्याच्या नजरेने बघायला लावा, मूडलमधे भूमिका बदलून विद्यार्थी म्हणून बघायची सोय आहेच, आणि मोबाईलवर पण बघायला सांगा. "अरे, असाइनमेंट कुठे आहे हेच सापडत नाहीये" हे त्यांच्याच तोंडून आलं की तुमचं निम्मं काम झालं.

प्रश्न : माझ्या तासाला सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. प्रश्न विचारला की भयाण शांतता. कॅमेरा सक्तीचा करावा का?
— एक प्राध्यापिका

उत्तर : नका करू. कोणाचा डेटा संपत आलेला असतो, कोणाला घरातली खोली दाखवायची नसते, आणि तासभर स्वतःचा चेहरा बघत बसणं थकवणारंच असतं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मधे व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात हेही होतं. तुम्ही पण स्वतःचं चित्र स्वतःला दिसणार नाही असं सेटिंग करून बघा, फरक पडेल.

शांततेबद्दल सांगते. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधे मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. ऑनलाइन तर म्यूट काढायचं, टाइप करायचं, त्यालाच वेळ जातो, त्यामुळे इथे अजून जास्त थांबावं लागतं. एक साधी युक्ती आहे, "सगळ्यांनी उत्तर चॅटमधे टाइप करून ठेवा, मी म्हणेन तेव्हाच सेंड करा." एकदम सगळी उत्तरं पडतात, पहिलं बोलायची भीती राहत नाही, हुशार मुलाचं बघून लिहिणंही होत नाही.

प्रश्न : मुलं रात्री अकरालाही मेसेज करतात आणि तेच तेच विचारतात. सगळ्यांना उत्तरं देता देता माझी स्वतःची तयारी मागे पडते.
— एक तरुण सहायक प्राध्यापक

उत्तर : कोर्सच्या पहिल्या पानावर लिहून टाका की उत्तर किती वेळात मिळेल आणि कुठल्या वेळेत नाही मिळणार, आणि मग ते स्वतः पाळा. शंका खासगी मेसेजवर घेऊ नका, कोर्सच्या फोरमवरच विचारायला सांगा, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर सगळ्यांना दिसतं आणि थोड्या दिवसांनी मुलंच एकमेकांना सांगायला लागतात. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी छोटी सूचना टाका, या आठवड्यात काय झालं, कुठे बरेच जण चुकले, पुढे काय. मुलांना सर आहेत हे कळलं पाहिजे, त्यासाठी रात्री अकराला जागं राहायची गरज नाही.

प्रश्न : आमचे प्राचार्य म्हणतात, एकदा रेकॉर्ड केलं की दरवर्षी तेच चालेल, मग वर्कलोडमधे सूट कशाला?
— एक विभागप्रमुख

उत्तर : व्हिडिओ पुन्हा वापरता येतो, पण क्विझ तपासणं, फोरम, फीडबॅक, चुकलेल्या मुलांना पकडून आणणं, हे दर बॅचला नव्याने करावं लागतं, आणि कोर्स पहिल्यांदा उभा करताना तर वर्गातल्या तयारीपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. प्राचार्यांकडे जाताना एका युनिटला लागलेल्या तासांची नोंद कागदावर घेऊन जा, तोंडी सांगू नका. त्याच बैठकीत अजून एक गोष्ट लेखी मागा, रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं, आणि ते प्राध्यापक कॉलेज सोडून गेले तर कॉलेज ते वापरणार का. हे ठरल्याशिवाय कोणालाही रेकॉर्डिंगला बसवू नका.