गर्दी टाळून स्कीइंग: रिसॉर्ट निवडताना काय बघायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: ताई, मुलांच्या शाळेमुळे आम्हाला फक्त ख्रिसमस ते न्यू इयर एवढीच सुट्टी मिळते. आल्प्समध्ये जायचंय पण लिफ्टच्या लाइनीत अर्धा दिवस घालवायचा नाहीये. एखादं शांत नाव सांगा ना.

नाव सांगते, पण त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, गर्दी जागेपेक्षा आठवड्यावर जास्त ठरते. तेच रिसॉर्ट २८ डिसेंबरला आणि १५ जानेवारीला बघाल तर ओळखू येणार नाही. तुमचा आठवडा आधीच ठरलाय म्हणजे आता जागा फार विचार करून निवडायला लागणार, आणि अशा वेळी मी सगळ्यात आधी नकाशावर रस्ता कुठे संपतो ते बघते.

उदाहरण म्हणून फ्रान्समधलं बोनव्हाल-सुर-आर्क घ्या. उन्हाळ्यात या गावातून पुढे इझरान नावाच्या २,७६४ मीटर उंचीच्या घाटातून पलीकडे व्हाल दिझेर या मोठ्या रिसॉर्टला जाता येतं. हिवाळ्यात तो घाट बर्फामुळे बंद असतो, त्यामुळे बोनव्हाल हे रस्त्याचं शेवटचं टोक होऊन जातं, सहज जाता जाता तिथे कोणी येतच नाही, ज्याला मुद्दाम यायचंय तोच येतो. त्याच वेळी डोंगराच्या त्या बाजूला व्हाल दिझेरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. स्वित्झर्लंडमधलं आरोला पण असंच, व्हाल देरान्स खोऱ्यातलं शेवटचं गाव, सियोंहून बसने पोचता येतं. लिफ्ट मोजक्याच आहेत आणि त्याही बऱ्याचशा ओढून नेणाऱ्या ड्रॅग लिफ्ट, पण गावच २,००० मीटरवर आहे.

ही उंची तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे बरं का. डिसेंबरअखेर खालच्या गावांमध्ये बर्फाची खात्री राहिलेली नाही, २०२३ च्या पहिल्या दिवसांत युरोपात विक्रमी उष्मा होता आणि आल्प्समधल्या कितीतरी कमी उंचीच्या स्लोपवर हिरव्या गवतातून कृत्रिम बर्फाचा एक पट्टा तेवढा जात होता. कृत्रिम बर्फ करायलासुद्धा हवा पुरेशी थंड लागते, मशीन आहे म्हणून बर्फ होईलच असं नाही. आणि बर्फ कमी असला की जे दोन-चार स्लोप उघडे असतात त्यावर सगळे जमा होतात, म्हणजे शांत रिसॉर्टसुद्धा त्या आठवड्यात गजबजतं. बोनव्हालचा स्की एरिया १,८०० ते ३,००० मीटरमध्ये आहे, म्हणून ते नाव आधी घेतलं.

प्रश्न: आमच्या तारखा फ्लेक्सिबल आहेत, जानेवारी ते मार्च कधीही चालेल. नक्की कुठला आठवडा घ्यावा?

मग तुमचं निम्मं काम झालेलंच आहे. साधारण १० जानेवारीपासून महिनाअखेरपर्यंत जा. ६ जानेवारीला इटलीत एपिफनीची सुट्टी असते, ती उरकली की सगळे घरी परततात आणि फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्ट्या लागेपर्यंत आल्प्समध्ये खरी शांतता असते. थंडी कडक असते, दिवस लहान असतो, पण बर्फ बहुतेक वेळा छान कोरडा मिळतो आणि रूम पण सहज मिळते.

फेब्रुवारीत मात्र सावध राहा. फ्रान्सने शाळांसाठी देशाचे ए, बी, सी असे तीन झोन केलेत, प्रत्येक झोनला दोन आठवडे हिवाळी सुट्टी आणि ती एकमेकांच्या मागेपुढे, त्यामुळे तिथे सुमारे चार आठवडे कोणी ना कोणी सुट्टीवर असतंच. त्यातच ब्रिटनमधल्या शाळांचा हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी येते, नेदरलँड्सची सुट्टी येते, जर्मनीत कार्निव्हल येतो. हे सगळं एकत्र आलं की महिन्याच्या मधले दिवस सगळ्यात वाईट. तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे बुकिंगआधी त्या देशाचं त्या वर्षीचं शाळेचं कॅलेंडर उघडून बघायचंच. अमेरिकेत जाणार असाल तर जानेवारी आणि फेब्रुवारी दोन्ही महिन्यांतल्या तिसऱ्या सोमवारला जोडून येणारा वीकेंड टाळा, आणि जपानला जाणार असाल तर लूनार न्यू इयरचा आठवडा टाळा, तेव्हा निसेको वगैरे भरून वाहतं.

अजून एक, आल्प्समध्ये बरीच घरं शनिवार ते शनिवार भाड्याने देतात. त्यामुळे शनिवारी रस्ते तुंबलेले आणि स्लोप रिकामे. ज्यांना जमेल त्यांनी मधल्या वारी पोचावं आणि शनिवारचा पूर्ण दिवस स्कीइंगला ठेवावा, मला तो आठवड्यातला सगळ्यात छान दिवस वाटतो.

प्रश्न: प्रत्येक रिसॉर्ट स्वतःला "शांत, निवांत" म्हणतं. खरं की खोटं, घरबसल्या कसं ओळखायचं?

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण हे खरंच घरबसल्या ओळखता येतं आणि फार कमी लोक तेवढे कष्ट घेतात.

पहिलं म्हणजे पीस्त मॅप (आखलेल्या स्लोपचा आणि लिफ्टचा नकाशा) उघडा आणि गावातून वर जाणाऱ्या लिफ्ट मोजा. एवढ्या सगळ्या हॉटेलांना वर न्यायला एकच गोंडोला (दोरावरून जाणारी बंद केबिनची लिफ्ट) असेल तर वरचे स्लोप कितीही मोठे असू देत, सकाळी खाली लाइन लागणारच. बल्गेरियातलं बान्स्को याचं नेहमीचं उदाहरण, गाव मोठं झालं, हॉटेलं वाढली आणि सकाळी सगळे त्याच गोंडोलाच्या दाराशी. संध्याकाळी खाली यायचा रस्ताही एकच असेल तर चारच्या सुमाराला त्या अरुंद रनवर सगळी दमलेली माणसं एकदम उतरतात, नवशिक्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिथेच.

दुसरं, नवीन फास्ट लिफ्टच्या जाहिरातीला भुलू नका. जुनी दोन सीटची चेअरलिफ्ट तासाला साधारण हजार-बाराशे माणसं वर नेते, नवीन सहा सीटची त्याच्या दुप्पट-अडीचपट. खाली लाइन कमी होते हे खरं, पण ती सगळी माणसं जातात कुठे, स्लोपवरच ना! म्हणून जिथे लिफ्ट जुन्या आणि हळू आहेत तिथे कधी कधी खाली दहा मिनिटं थांबावं लागतं पण उतरताना आजूबाजूला कोणी नसतं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनने तर एका सीटची चेअरलिफ्ट मुद्दाम जपून ठेवलीये, ते रिसॉर्ट १९९५ पासून स्कीअर लोकांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. (स्नोबोर्ड करणाऱ्यांना तिथे परवानगी नाही, ग्रुपमध्ये कोणी असेल तर आधीच सांगून ठेवते.)

तिसरं, मोठ्या शहरापासूनचं अंतर. दीड-दोन तासांवर मोठं शहर आणि मध्ये चांगला हायवे असेल तर सोमवार ते शुक्रवार शांतता आणि वीकेंडला पार्किंग फुल्ल, हे गृहीत धरा. उत्तर अमेरिकेत हेही बघा की रिसॉर्ट एपिक किंवा आयकॉनसारख्या एका पासमध्ये अनेक रिसॉर्ट देणाऱ्या स्कीममध्ये आहे का, असेल तर पास खिशात असलेले सगळे बर्फ पडला की तिकडे धावतात.

आणि शेवटी वेबकॅम. बहुतेक रिसॉर्टचे असतात. तुम्हाला ज्या प्रकारच्या दिवशी जायचंय तशाच दिवशी, तिथल्या सकाळी साडेनऊला, खालच्या मुख्य लिफ्टचा कॅमेरा उघडा. ब्रोशरमधला फोटो पहाटेचा असतो, साडेनऊच्या कॅमेऱ्यात जे दिसतं तेच तुम्हाला तिथे मिळणार.

प्रश्न: डिसेंबरमध्ये फिनिश लॅपलँडला जायचा विचार आहे, तिकडे तर शांतताच असेल ना?

डिसेंबरमध्ये नाही हो. ख्रिसमसच्या दिवसांत सांताक्लॉजसाठी रोव्हानिएमीला चार्टर विमानं उतरत असतात, लेव्ही हे तिथलं मोठं स्की रिसॉर्ट पण भरलेलं असतं. शिवाय आर्क्टिक सर्कलच्या बऱ्यापैकी वर गेलात तर त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही, दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि बाकी वेळ दिव्यांच्या उजेडात स्कीइंग. काहींना ते फार आवडतं, मलाही ते बघण्यासारखं वाटतं, पण पहिल्या ट्रिपला, उणे पंचवीसमध्ये, लहान मुलांना घेऊन नको.

मार्चचा दुसरा पंधरवडा किंवा एप्रिलची सुरुवात बघा, ईस्टर सोडून. दिवस बारा तासांचा झालेला असतो, बर्फ भरपूर असतो, फिनिश शाळांच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या स्कीच्या सुट्ट्याही संपलेल्या असतात. लेव्हीपेक्षा प्युहा हे रिसॉर्ट निवांत. युल्लास मोठं आहे पण पसरलेलं, आणि तिथे क्रॉस-कंट्रीचे (लिफ्टशिवाय, सपाट-चढउतारावरून लांब जायच्या स्कीइंगचे) ट्रॅक ३०० किलोमीटरच्या वर आहेत, एकदा ट्रॅकला लागलात की जंगलात तुम्हीच. हेलसिंकीहून कोलारीपर्यंत रात्रीची ट्रेन जाते, तिथून युल्लास जवळ. फक्त आल्प्ससारखे मोठे उतार तिथे शोधू नका, युल्लासचा उतार उंचीत सुमारे ४६० मीटरचा आणि फिनलंडमध्ये तो सगळ्यात मोठ्यांत धरतात. चांगलं स्की येत असेल आणि उंच डोंगरच हवे असतील तर स्वीडनमधलं रिक्सग्रेन्सेन बघा, ते अंधारामुळे उघडतंच उशिरा, फेब्रुवारीत.

प्रश्न: मी अगदी नवशिकी आहे आणि आईला स्कीइंग करायचंच नाहीये. छोट्या शांत गावात आमची पंचाईत होईल का?

होऊ शकते, म्हणून फार छोटं गाव घेऊ नका. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात, सरकत्या पट्ट्याची लिफ्ट असलेला नवशिक्यांसाठीचा सपाट नर्सरी स्लोप, तुम्हाला समजेल अशा भाषेत शिकवणारा इन्स्ट्रक्टर, आणि नर्सरीनंतर जायला सोपे रन. फक्त एक गोष्ट तपासा, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये सहसा निळा रंग सगळ्यात सोपा, फ्रान्समध्ये त्याच्याही खाली हिरवा असतो, त्यामुळे दोन देशांचे नकाशे सरळ एकमेकांशी ताडून बघू नका.

तुम्हा दोघींसाठी मी स्वित्झर्लंडमधलं बेटमरआल्प सुचवेन. गावात गाड्याच नाहीत, खालून केबल कारने वर यायचं. आईंना चालायला बर्फ दाबून केलेल्या वेगळ्या वाटा आहेत आणि स्की न करता लिफ्टने वर जाऊन आलेच ग्लेशियर बघता येतो, आल्प्समधला सगळ्यात लांब. तुमचा लेसन संपेपर्यंत त्या हॉटेलात कोंडून बसणार नाहीत, आणि माझ्या मते सोबत कोणी स्की न करणारं असेल तर जागा निवडताना हेच सगळ्यात आधी बघायला हवं. तरीही जानेवारीतच जा हं.

प्रश्न: शांतताच हवी तर सरळ ऑफ-पीस्त, म्हणजे आखलेले स्लोप सोडून, गेलेलं काय वाईट? मला ब्लॅक रन (सगळ्यात अवघड उतार) आरामात जमतात.

ब्लॅक रन जमणं आणि हिमस्खलनाची जागा ओळखता येणं, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याबाबत मी अजिबात नरम बोलणार नाही. साधारण ३० अंशांपेक्षा जास्त उतारावर बर्फाचा थर सुटू शकतो. युरोपातल्या धोक्याच्या १ ते ५ या स्केलवर सगळ्यात जास्त मृत्यू ५ ला नाही तर ३ ला होतात, कारण ४-५ ला लोक घाबरून घरी बसतात आणि ३ ला "चालेल की" म्हणून निघतात. गाडलं गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी हातात असतात, तेवढ्यात रेस्क्यू टीम पोचत नाही, सोबतचा माणूसच तुम्हाला काढतो, आणि शांत जागी तुम्ही एकटे गेलात तर तो सोबतचा माणूसच नसतो.

फ्रान्समधल्या ला ग्राव्हसारख्या ठिकाणी, जिथे केबल कार वर सोडते आणि खाली जवळजवळ सगळा डोंगर कच्चाच, म्हणजे न आखलेला आहे, तिथे लोकल गाइडशिवाय जाऊ नका. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं आणि ते वापरायची प्रॅक्टिस आधी झालेली हवी. सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचा, इन्शुरन्समध्ये ऑफ-पीस्त आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू दोन्ही कव्हर आहे का ते लेखी विचारून घ्या (इटलीत तर साध्या स्लोपवरसुद्धा २०२२ पासून थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे), आणि गाइड म्हणाला आज नको, तर त्या दिवशी मार्क केलेल्या रनवरच राहा.