खड्डे खणण्याआधी माळ बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. बारामतीजवळच्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याला लागून असलेल्या माळावर यंदा पाचशे झाडं लावायची, पोरं जमली आहेत, रोपंही फुकट मिळताहेत, असं तू लिहिलंस. तुझी तळमळ पोचली. तरी सांगतो, हा बेत सोडून दे.

तुझ्या वयाचा असताना मीही हेच केलं होतं. एका संस्थेबरोबर आम्ही मे महिन्यात माळावर खड्डे घेतले आणि पहिल्या पावसात गिरिपुष्प, म्हणजे बाहेरून आलेलं ग्लिरिसिडियाचं झाड, लावलं. ते फोफावलं, आमचं कौतुक झालं. चार वर्षांनी पाहिलं तर झाडांखाली गवताची काडी नव्हती आणि जिथे जिथे माती उकरली होती तिथे गाजरगवत माजलं होतं. धाविक तर तिथे दिसेनासाच झाला. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. अंडी खड्यांच्या रंगाची, हातभर अंतरावरूनही दिसत नाहीत. उन्हाळा हा त्याच्या विणीचा काळ, आणि आम्ही ऐन मेमध्ये तिथे कुदळी चालवत होतो. किती अंडी पायाखाली गेली असतील, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

महसुली दप्तरात माळाला पडीक म्हणतात, आणि तो शब्द आपल्या डोक्यात घट्ट बसला आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेताचा, मातीचा थर पातळ, खाली मुरूम. इथे गवतच मालक. तरवड, हेकळ, बोर, मधूनच एखादा हिवर, एवढीच झाडी या माळाला मानवते. चिंकारा लांबवर नजर पोचते म्हणून जगतो. दाट झाडी झाली की त्याला लांडगा वेळेवर दिसत नाही. उंच झाडावर कावळे आणि शिकारी पक्षी येऊन बसले की जमिनीवरच्या चंडोलाच्या घरट्याची धडगत नसते.

पाऊस सरल्यावर एक काम कर. कुसळी गवताचं एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेव आणि वर पाण्याचा थेंब सोड. त्याची शेपटी हळूहळू पीळ सोडत फिरायला लागेल. वाळली की पुन्हा पीळ घेईल. दवानं भिजायचं, उन्हानं वाळायचं, आणि प्रत्येक फेऱ्यात बी थोडं थोडं मातीत घुसत जातं. टोकाशी उलटे केस असतात, म्हणून ते मागे सरकत नाही. तुझ्या मोज्यात अडकतं तेही याच करामतीनं. ज्या जमिनीत हे गवत स्वतःच स्वतःला पेरतं, तिथे आपण पहार घेऊन काय करणार?

आता माणसांविषयी, कारण खरं काम तिथे आहे. मयूरेश्वर १९९७ साली अभयारण्य झालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडगा एका रात्रीत त्याच्या पार बाहेर जातो, गायरानात आणि शेतात. म्हणजे तो जगतो तो गावकऱ्यांच्या आणि धनगरांच्या भरवशावर. सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात लोकांची शेतं आली, अख्खी गावं आली, निर्बंधांनी माणसं त्रासली. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माणसं दुरावली की नकाशावरची रेघ टिकत नाही.

म्हणून धनगरांच्या वाड्यावर जाऊन बस. पहिले दोन-तीन दिवस काही विचारू नकोस. कोकरू गेलं तर त्यांचं नुकसान खरं असतं. तेव्हा पंचनामा आणि भरपाईचा अर्ज यात मदत कर. त्यांना लांडग्याचं महत्त्व समजावायला जाऊ नकोस, ते त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त ओळखतात. कोंबड्यांच्या शेडवाल्यांशीही बोल. मेलेली कोंबडी माळावर टाकली की भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागून रोग येतात, लांडग्यांशी त्यांचा संकरही होतो. माझ्या मते आज लांडग्याला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. खोल खड्ड्यात पुरायला एक जण जरी तयार झाला तरी ते पाचशे झाडांहून मोठं काम.

तुमच्या पोरांना हातांनी करायचं काम हवं असेल तर तेही आहे. कडेच्या रस्त्यालगतचं गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. हातमोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. वनखात्याची परवानगी आधी घ्या. आणि ती रोपं शाळेच्या आवारात लावा, पण गिरिपुष्प नको. कडुनिंब, करंज, चिंच असं काही मागून घे.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केली आहे, तिथे गावातलीच पोरं वाटाडे आहेत. एकदा त्यांच्याबरोबर जाऊन ये. त्याआधी येत्या रविवारी माझ्याबरोबर चल. पहाटे साडेपाचला सुप्याच्या स्टँडवर थांबतो. मातकट रंगाचे कपडे घाल, पांढरा सदरा नको. पाणी आण, आणि खाण्याचा सगळा कचरा परत न्यायला एक पिशवी.

तुझा स्नेही