थिअरीत यायचंय तर आधी एक आकडा काढ

पुणे

प्रिय मित्रा,

२०१२ मध्ये हिग्ज कण सापडला, त्यानंतर सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत एकही नवा मूलकण हाती लागला नाही. मग सैद्धांतिक भौतिकशास्त्रात उमेदीची वर्षं घालावीत का, असं तू विचारलंस. घालावीत, पण जागा बघून. पुंजगुरुत्वाचे (गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटम सिद्धांताचे) परिणाम जिथे दिसावेत ती ऊर्जा सर्नच्या यंत्राहून सुमारे १० चा १५ वा घात इतक्या पटींनी वर आहे. ती थेट तपासता येईल, ही आशा मी तुला दाखवणार नाही. गुरुत्वलहरींत, म्हणजे अवकाश-काळातल्या तरंगांत, मात्र निरीक्षणंच थिअरीला कामाला लावताहेत. गोंगाटातून लहर ओळखण्याचं गणित पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी लहर सापडण्याच्या कितीतरी आधी मांडलं होतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर आज याच लहरींच्या शोधात पल्सारांचे, म्हणजे नियमित स्पंदनं देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके मोजले जातात, आणि लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेची जागा औंढा नागनाथला आहे.

एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी एक काम कर. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या गुरुत्वलहरीचा (ती दोन कृष्णविवरांच्या जोडीतून आली होती) डेटा सर्वांना खुला आहे. ३२ सेकंदांची, ४०९६ हर्ट्झची फाइल घे. फूरिए रूपांतर करून ते गोंगाटाच्या पॉवर स्पेक्ट्रमच्या (कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट आहे, त्याच्या) वर्गमुळाने भाग. यालाच व्हाइटनिंग म्हणतात. मग ३५ ते ३५० हर्ट्झ तेवढे ठेव आणि उलट फूरिए रूपांतराने पुन्हा काळातली लहर मिळव. लहर शून्यरेषा ओलांडते त्या वेळा टिप. लागोपाठच्या दोन वेळांत अर्धं आवर्तन होतं, त्यावरून वारंवारता मिळते. तिचा उणे ८/३ घात काळासमोर मांडलास की बिंदू जवळपास सरळ रेषेत बसतात, आणि त्या रेषेच्या उतारातून जोडीचं चर्प वस्तुमान निघतं, म्हणजे लहरीची वारंवारता किती झपाट्याने चढते हे ठरवणारा, दोघांच्या वस्तुमानांतून बनणारा आकडा. ते ३० सूर्यांच्या आसपास यायला हवं.

पहिल्या खेपेला बहुधा येणार नाही. व्हाइटनिंग वगळलंस तर कमी वारंवारतेचा गोंगाट लहर गिळून टाकतो. विंडो (फाइलची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावली नाहीस तर फाइलच्या टोकांच्या उड्या सगळ्या स्पेक्ट्रमभर सांडतात. शेवटचे एक-दोन बिंदू रेषा सोडतील, ते धरू नकोस: कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना या सरळ रेषेमागचं न्यूटनी सूत्र लागू पडत नाही. उत्तर अवाढव्य आलं तर एककं तपास. सूर्याचं वस्तुमान सेकंदांत मांडलं की ४.९३ मायक्रोसेकंद होतं. आणि छापील आकडा तुझ्याहून थोडा कमी दिसला तर गोंधळू नकोस. विश्वाच्या प्रसरणाने लहर सुमारे ९ टक्के ताणली गेलीय, आणि शोधनिबंधात तो ताण हिशेबातून काढून स्रोताजवळचं वस्तुमान देतात. इतक्या साध्या आलेखात विश्वाचं प्रसरण डोकावतं, म्हणून हा स्वाध्याय मला फार प्रिय आहे.

जेस्ट, नेट, गेट या पीएचडीसाठीच्या परीक्षा द्यायच्याच आहेत. जुने पेपर घड्याळ लावून सोडव. पीएचडीचा गाइड निवडताना नावापेक्षा त्याचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आज कुठे आहेत, हे त्यांनाच भेटून विचार.

आलेख झाला की घेऊन ये. चुकलेली पानं फाडू नकोस, आधी तीच बघू.

तुझा हितचिंतक