ऑपरेशन्स टीमचा स्क्रीन मोकळा करू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या जळगावच्या कंपनीत ऑपरेशन्स टीमसाठी, म्हणजे सर्व्हर चोवीस तास चालू ठेवणाऱ्या लोकांसाठी, नवा डॅशबोर्ड (देखरेखीचा स्क्रीन) केला, मोठे आकडे, मोजकी बटणं, स्वच्छ मांडणी. आणि टीम म्हणते जुनाच बरा. माझ्या मते टीमचं बरोबर आहे.

ही माणसं अख्खी पाळी त्याच स्क्रीनसमोर काढतात. नवख्याला पहिल्या दिवशी समजेल का, हा प्रश्न त्यांच्यासाठी गौण आहे. आपल्या भुसावळच्या रेल्वे कंट्रोलमधला सेक्शन कंट्रोलरचा चार्ट घ्या. आडवी वेळ, उभी स्टेशनं, मध्ये गाड्यांच्या तिरक्या रेघांचं जाळं. बाहेरच्याला नुसता गुंता दिसतो; कंट्रोलरला कोणती गाडी कुठे थांबवायची ते त्यातच दिसतं. म्हणून माहिती काढू नका, तुलना वाढवा. 'सीपीयू ८५ टक्के', म्हणजे सर्व्हरच्या प्रोसेसरवर इतका भार, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ३१ मार्चच्या रात्री तो आकडा ठीक असेल, एरवीच्या रविवारी पहाटे नसेल. मागच्या ३१ मार्चची रेघ फिकट रंगात मागे दिसली, तर पाळीवरचा माणूस लगेच ठरवू शकतो.

वेळेचंही बघा. पतसंस्थेचा मॅनेजर फोनवर 'साडेदहाला अडकलं' म्हणतो आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, तेच ०५:०० असतं, कारण त्या नोंदी यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, असतात. ही वजाबाकी रात्री तीन वाजता माणसाकडून करून घेऊ नका. दोन्ही वेळा शेजारी दाखवा.

अलर्ट मात्र निर्दयपणे कापा. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. इतक्यांतून महत्त्वाचा कोण निवडणार? ज्यावर माणसाने काही करायचंच नाही, तो अलर्ट नाही. तो लॉगमध्ये राहू द्या.

धोक्याच्या कामांना 'नक्की ना?' विचारून भागत नाही, सरावलेला हात 'हो' दाबून मोकळा होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनची एस३ ही डेटा साठवण्याची सेवा काही तास कोलमडली, ती त्यांच्याच टीममधल्या एका अधिकृत माणसाच्या कमांडमधल्या चुकीच्या इनपुटमुळे. ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर सेवेतून काढले गेले. त्यानंतर त्यांनी ते साधनच बदललं: क्षमता हळूहळू कमी होईल आणि किमान मर्यादेखाली जाणारच नाही, असं. तुमच्या स्क्रीनवरही आधी दाखवा की या कमांडने किती सर्व्हर आणि कोणत्या पतसंस्था बंद पडतील. मगच बंद होणाऱ्या त्या सर्व्हर-गटाचं नाव टाइप करायला लावा.

बाकी, की-बोर्ड शॉर्टकट हवेतच, त्यावर वाद नको.

आराखडा पुन्हा हातात घेण्याआधी रात्रपाळीला त्यांच्या शेजारी बसा. बोलू नका, बघा. नोटपॅडमध्ये कोणत्या कमांड साठवल्यात, मॉनिटरला कोणत्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, एक आकडा शोधायला किती टॅब उघडतात, ते लिहून घ्या आणि इथे टाका. त्यावरून पुढचं बोलू.