मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांच्या आधारगटात पहिल्यांदा येणाऱ्या ताईंना

ताई, भावाला स्किझोफ्रेनिया आहे हे पहिल्याच बैठकीत सांगायला हवं असं काही नाही. नुसतं ऐकून गेलात तरी चालेल. (चहा मात्र घ्या.)

"ह्याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा कानावर येणारच. ठाण्यातलं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, त्यामुळे ती फार मुरली आहे. प्रत्येकाशी भांडत बसू नका. सोसायटीत कोणाला किती सांगायचं, हे मात्र भावाला विचारूनच ठरवा. आजार त्याचा आहे. "लग्न लावून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना सरळ नाही म्हणा.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नका. आजार उलटतो तो बऱ्याचदा तिथेच. झोप मोडणं, अंघोळ टाळणं, उगाच संशय घेणं, असं काही दिसलं की तारखेसह वहीत लिहा. डॉक्टरांना आपल्या रडण्यापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते.

मेडिक्लेमवाले "मानसिक आजार बसत नाही" म्हणाले, तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दाखवा. शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असं त्यात आहे. रात्री-अपरात्री घाबरलात तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या वेळी भावाला यावंसं वाटलं तर आणा, पण ओढून नको.