वाचकांचे प्रश्न : दोन नळ्यांच्या होडीवर फिश फाइंडर

प्रश्न : हवा भरायच्या दोन नळ्या आणि मधे लोखंडी सांगाडा, अशी नऊ फुटी पॉन्टून होडी आहे. पाच इंची पोर्टेबल फिश फाइंडरचा (ध्वनीने खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून परतलेला टिपणारा भाग, सक्शन कपाने नळीला लावतो. अर्ध्या तासात तो सुटतो. शिवाय पडद्यावर वरच्या दोन-तीन फुटांत जाड पट्टा कायम दिसतो. (वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ नळीतच आहे. कपाला गुळगुळीत आणि कडक पृष्ठभाग लागतो. नळीचं कापड उन्हात ताणतं, पाण्यात गार झालं की सैल पडतं, आणि कपाच्या कडेतून हवा शिरते. कप काढूनच टाका.

पट्ट्याचं कारण वेगळं. पाण्यातून जाणारा ध्वनी हवेपाशी पोचला की जवळपास सगळा परत फिरतो, आणि नळी म्हणजे हवाच. ८३ किलोहर्ट्‌झवर ध्वनीचा शंकू साधारण ६० अंशांचा असतो. ट्रान्सड्यूसर नळीच्या बुडापेक्षा वर असेल तर शंकूची कड नळीवर आपटते आणि यंत्र तिथे काहीतरी आहे असं दाखवतं. २०० किलोहर्ट्‌झवर शंकू २० अंशांच्या आसपास असतो. फ्रिक्वेन्सी बदलून पाहा. पट्टा बारीक झाला तर दोष नळीचाच. अगदी वरची बारीकशी पट्टी मात्र प्रत्येक यंत्रात राहते, तिच्यामागे लागू नका.

आता जोडणी. २५ मिमी रुंद, ४ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, लांबी साधारण ६० सेंमी. सांगाड्याच्या बाजूच्या पाइपला यू-बोल्टने एक छोटा तुकडा पक्का करा आणि खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बसवलेली ही पट्टी त्याला एकाच ६ मिमी स्टेनलेस बोल्टवर लटकवा, म्हणजे ती मागे झुलू शकेल. नटमध्ये नायलॉनची रिंग असलेला प्रकार घ्या, साधा नट हादऱ्याने सुटतो. बोल्टच्या चार सेंमी खाली तुकडा आणि पट्टी दोन्हींतून आरपार एक भोक पाडून त्यात बारीक केबल टाय ओवा. बुडालेल्या फांदीवर आदळलं की टाय तुटेल, पट्टी मागे जाईल आणि ट्रान्सड्यूसर वाचेल. खिशात पाच-सहा टाय जास्तीचे ठेवा. किनाऱ्याला लागताना पट्टी वर ओढायला खालच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा.

ट्रान्सड्यूसरचं तोंड नळीच्या बुडाच्या ३ ते ५ सेंमी खाली हवं. पायात फिन (पोहण्याचे पंख) घालून होडी चालवत असाल तर तो सीटच्या मागे लावा. तोंडाची सपाटी जमिनीवर मोजू नका; तुम्ही बसलात की मागची बाजू दबते. तेव्हा पाण्यात, तुम्ही बसलेले असताना, सोबत्याला पाहायला सांगा. तोंड तिरकं राहिलं की पडद्यावर माशांच्या खुणा म्हणून दिसणाऱ्या कमानी अर्धवट उमटतात. पाण्यात उतरवण्याआधी तोंडावर भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा थेंब चोळा. कोरड्या प्लॅस्टिकला चिकटणारे बुडबुडे त्याने सुटतात.

तोंड पृष्ठभागाखाली २० सेंमी असेल तर यंत्राची खोली तेवढी कमी येते. सेटिंगमध्ये खोलीची दुरुस्ती ०.२ मीटर भरा.

केबल उरली तरी कापू नका. वेटोळं करून सीटखाली वेल्क्रोने बांधा.

प्रश्न : बॅटरी कोणती? मोटर चालू केली की पडद्यावर उभ्या रेषा येतात. (वाचक, नाशिक)

उत्तर : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुरते. वजन सव्वादोन-अडीच किलो. ती निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे वापरायला साडेतीन अँपिअर-अवर मिळतात. यंत्र अर्धा अँपिअर खात असेल तर सात तास. तुमच्या यंत्राचा आकडा माहितीपत्रकात पाहा, पडद्याचा उजेड वाढवला की तोही वाढतो. लिथियम फॉस्फेट बॅटरी किलोभराची असते. लहान होडीत तो फरक जाणवतो, पण तिचा चार्जर वेगळा लागतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच लावा, यंत्राजवळ नको. मधली तार घासून उघडी पडली तर यंत्राजवळचा फ्यूज काहीच वाचवत नाही. माहितीपत्रकात आकडा दिलेला असेल तर तोच घ्या, बहुतेक लहान यंत्रांना ३ अँपिअर लागतो.

उभ्या रेषा बहुतेक वेळा मोटरच्या विद्युत गोंगाटाच्या असतात. मोटर आणि यंत्र एकाच बॅटरीवर असतील तर पहिल्यांदा दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या करा. दोघांच्या तारा शेजारून नेऊ नका. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. तरीही रेषा राहिल्या तर ट्रान्सड्यूसर पंख्यापासून निदान अर्धा मीटर बाजूला आणि पुढे घ्या, कारण पंख्याचे बुडबुडेही ठिपक्यांचा पडदा उभा करतात.

प्रश्न : उजनीच्या पाण्यात चार निळ्या ड्रमांवर प्लायवूड टाकून तराफा केला आहे. ट्रान्सड्यूसर ड्रमच्या आत चिकटवला तर चालेल का? आणि यंत्र पडद्यावर काढतं ती माशांची चित्रं खरी मानावी का? (वाचक, भिगवण)

उत्तर : टाळा; चिकटवताना मधे हवा राहिली तर ध्वनी तिथूनच परत फिरतो. प्लायवूडच्या कडेला वर सांगितलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टीच लावा, फक्त ड्रमच्या बुडाखाली पोचेल इतकी लांब.

चित्रं बंद ठेवा. चिलापी, कटला, रोहू यांच्यात परतणारा आवाज मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. जाळ्याचा फ्लोट किंवा जलपर्णीचा बुडालेला गुंता यंत्राला तसाच दिसतो. कमानी वाचायला शिका. होडी थांबलेली असेल तर मासा कमान न काढता आडवी रेघ काढतो, त्यामुळे एकाच माशाची लांबलचक रेघ बघून थवा समजू नये.