अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजची) लिबरल आर्ट्स पदवी, म्हणजे भाषा, इतिहास, समाजशास्त्र अशा सर्वसाधारण विषयांची दोन वर्षांची पदवी, पैशाच्या दृष्टीने परवडते का?

चार वर्षांच्या पदवीची पहिली पायरी म्हणून घेतली तर नक्कीच परवडते. मात्र तेथेच शिक्षण थांबवायचे असेल तर नोकरीच्या बाजारात तिला फारसा भाव नाही, आणि त्याच कॉलेजातील नर्सिंगची पदवी कमाईत तिच्या बरीच पुढे असते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्या. तेथील रहिवाशांना एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याचे एकक; एक विषय साधारण 3 युनिटांचा) 46 डॉलर पडतात, म्हणजे 60 युनिटांच्या संपूर्ण पदवीची फी 2,760 डॉलर होते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत एका वर्षाचीच ट्यूशन 6,000 डॉलरच्या वर जाते. भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हा दर लागू होत नाही, त्याला कितीतरी पट अधिक मोजावे लागतात, हे आपल्याकडील पालकांनी आधीच लक्षात घ्यावे.

खरे नुकसान होते ते युनिट वाया जाण्याने. माझ्या भाचीचे तीन विषय, म्हणजे 9 युनिट, पुढच्या विद्यापीठाने केवळ ऐच्छिक म्हणून धरले आणि तिला एक सत्र जास्त शिकावे लागले. त्या सत्राची फी आणि घरभाडे यांत दोन वर्षांच्या बचतीचा मोठा भाग गेला. म्हणून कळकळीने सांगतो, नुसत्या लिबरल आर्ट्सऐवजी कॅलिफोर्नियात 2010च्या कायद्याने सुरू झालेली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीच आखलेली दोन वर्षांची पदवी, निवडा. तिच्यामुळे स्टेट युनिव्हर्सिटीत, हव्या त्याच कॅम्पसमध्ये नसला तरी, तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची हमी मिळते. शिवाय प्रत्येक विषय नोंदवण्यापूर्वी तो पुढे कशात मोजला जाईल, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पाहून घ्या.